पंचवीस सामने, चार विजय



व्हर्निअर कॅलिपर हातात घेतल्यावर पहिली गोष्ट कोणती करायची, हे तुम्हाला प्रयोगशाळेत शिकवलेले असेल. दोन्ही जबडे मिटवायचे आणि शून्यासमोर शून्य येते की नाही ते पाहायचे. येत नसेल तर तेवढी शून्यत्रुटी प्रत्येक वाचनातून वजा करायची. दुसरी गोष्ट म्हणजे एकाच वाचनावर विसंबायचे नाही. पाच-सहा वाचने घ्यायची, त्यांची सरासरी काढायची आणि ती वाचने एकमेकांपासून किती दूर पडतात हेही लिहून ठेवायचे. या दोन गोष्टी केल्या नाहीत, तर गोळीचा व्यास कितीही दशांश स्थळांपर्यंत लिहिला तरी त्याला अर्थ नसतो.

गोळीचा व्यास मोजताना आपण हे सारे काटेकोरपणे करतो. माणसाच्या कामगिरीचे मोजमाप करताना मात्र नेमके हेच विसरतो. एखादा आकडा कानावर पडला की लगेच निकाल देऊन मोकळे होतो. आज आपण अशाच एका आकड्याची तपासणी करू. उदाहरण दूरचे आहे, अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलचे. ते मुद्दाम निवडले आहे. तेथील आकडे स्वच्छ नोंदलेले असतात, निकाल चारचौघांत लागतो, आणि तुमचा-माझा त्यात कोणताही संघ नाही. त्यामुळे डोके थंड ठेवून विचार करता येईल.

खेळ आणि प्रशिक्षक

प्रथम एक खुलासा. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो हातात धरून पळतात, हाताने फेकतात आणि क्वचितच लाथेने मारतात. प्रत्येक बाजूचे अकरा खेळाडू मैदानात असतात. चेंडू प्रतिपक्षाच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की ६ गुण मिळतात, आणि खांबांच्या मधून लाथाडला तर ३.

तेथे विद्यापीठांच्या संघांचे सामने हा मोठा सार्वजनिक सोहळा असतो. पेन्सिल्व्हेनिया राज्यातील पेन स्टेट विद्यापीठाच्या मैदानावर एका वेळी एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. एका हंगामात संघ साधारण बारा ते पंधरा सामने खेळतो. खेळाडू विद्यार्थी असल्यामुळे दर तीन-चार वर्षांनी संघ पालटतो, प्रशिक्षक मात्र राहतो. म्हणून यशाचे श्रेय आणि अपयशाचा दोष बहुतेक वेळा त्याच्याच पदरात पडतो. त्याचा पगार प्रचंड असतो, आणि नोकरी तितकीच अस्थिर.

एकाच माणसाचे दोन हिशेब

जेम्स फ्रँकलिन हे २०१४ साली पेन स्टेटचे मुख्य प्रशिक्षक झाले. १२ ऑक्टोबर २०२५ रोजी त्यांना पदावरून दूर करण्यात आले. या काळात त्यांच्या संघाने १४९ सामने खेळले. त्यांपैकी १०४ जिंकले आणि ४५ हरले. म्हणजे शेकडा ७० विजय. कोणत्याही शाळेत हा पहिल्या वर्गाचा निकाल म्हणावा लागेल.

पण त्यांच्याविषयी दुसराच आकडा लोकांच्या तोंडी होता. सामन्याच्या वेळी देशातील पहिल्या दहांत असलेल्या संघांशी त्यांचे २५ सामने झाले. त्यांत विजय ४ आणि पराभव २१. शेकडा १६. हे सामने बाजूला काढले तर उरलेल्या १२४ सामन्यांत १०० विजय आणि २४ पराभव, म्हणजे शेकडा ८१ विजय राहतात.

टीकाकार म्हणत, 'दुबळ्यांना हरवतो, बलवानांपुढे कोसळतो.' तुम्ही विज्ञानाचे विद्यार्थी आहात. या वाक्यावर सही करण्यापूर्वी तुम्ही कोणते प्रश्न विचाराल? मला चार प्रश्न सुचतात. अव्वल संघ ठरवला कसा? अशा संघांविरुद्ध किती विजयांची अपेक्षा होती? नशिबाचा हेलकावा केवढा? आणि हे उदाहरण आपल्यासमोर आले कसे? एकेक प्रश्न घेऊ.

अव्वल कोणाला म्हणावे?

तेथील जुनी व मान्यता पावलेली क्रमवारी असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था १९३६ पासून प्रसिद्ध करते. क्रीडा पत्रकार मते देतात आणि हंगामात दर आठवड्याला पहिल्या पंचवीस संघांची यादी निघते. ही क्रमवारी म्हणजे तापमापकाचे वाचन नव्हे, ते जाणकारांचे मत आहे. हंगामाच्या सुरुवातीला तर ते बरेचसे गतवर्षीच्या कीर्तीवर आधारलेले असते.

'मग हंगाम संपल्यावरची क्रमवारी घ्यावी, तोवर खरे बळ कळलेले असते,' असे कोणी म्हणेल. पण त्यात एक खोच आहे. परीक्षानळीत थोडेसेच गरम पाणी घेऊन त्यात जाडजूड थंड तापमापक बुडवला तर काय होते? तापमापक पाण्याची काही उष्णता घेतो आणि पाणीच थोडे थंड होते. मोजण्याच्या क्रियेनेच मोजायची राशी बदलते. येथेही तसेच आहे. तुम्ही नवव्या क्रमांकाच्या संघाला हरवलेत तर त्याच्या खाती एक पराभव जमा होतो, तो खाली घसरतो आणि कदाचित अखेरच्या पहिल्या दहांत राहत नाही. तुमचा विजय स्वतःच यादीतून स्वतःला पुसून टाकतो! उलट तुम्ही हरलात तर प्रतिस्पर्धी वर चढतो आणि तुमचा पराभव यादीत पक्का होतो. म्हणजे अखेरची क्रमवारी प्रशिक्षकाच्या विरुद्ध झुकलेली असते.

सीमारेषेचाही प्रश्न आहे. रेषा दहावरच का आखायची? २०१७ च्या डिसेंबरात फ्रँकलिन यांच्या संघाने वॉशिंग्टनला ३५–२८ असे हरवले. वॉशिंग्टन तेव्हा क्रमवारीत दहाच्या जरा खाली होता, म्हणून तो विजय या हिशेबात येत नाही. रेषा हलवली की आकडा हलतो. यावर उपाय एकच आहे. नियम आधी ठरवावा, आकडे नंतर पाहावेत, आणि आकडे आवडले नाहीत म्हणून नियम बदलू नये. आपण सामन्याच्या दिवसाची क्रमवारी आणि पहिले दहा संघ हाच नियम धरून पुढे जाऊ.

शून्य कोठे आहे?

आता शून्यत्रुटीकडे वळू. चार विजय कमी आहेत असे आपण म्हणतो. कशापेक्षा कमी?

मनात नकळत नाणेफेक असते. दोन संघ, दोन निकाल, म्हणून निम्मे विजय, म्हणजे साडेबारा, मिळायला हवेत असे वाटते. पण प्रतिस्पर्धी देशातील सर्वोत्तम दहांपैकी आहे. शंभराहून अधिक संघांतून निवडलेल्या दहांशी सामना निम्म्या वेळा जिंकायचा, तर आपणही त्या दहांतलेच असले पाहिजे. म्हणून योग्य प्रश्न असा की, त्याच प्रतिस्पर्ध्यांशी, त्याच मैदानांवर, तेवढ्याच बळाचा संघ दुसऱ्या एखाद्या सर्वसाधारण चांगल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली खेळला असता, तर किती सामने जिंकला असता?

याचा हिशेब सोपा आहे. प्रत्येक सामन्यासाठी विजयाची संभाव्यता अंदाजायची आणि सर्वांची बेरीज करायची. समजा, तीन सामने आहेत. घरच्या मैदानावर समबल संघाशी संभाव्यता ०.५, परक्या मैदानावर जरा बलवान संघाशी ०.३, पहिल्या क्रमांकाच्या संघाशी ०.२. बेरीज १.०. तेव्हा तीन सामन्यांत एक विजय ही अपेक्षा झाली. कोणी एक जिंकून दोन हरला तर त्याने अपेक्षेइतकेच केले. 'शेकडा ३३, म्हणजे नापास' असे म्हणणे म्हणजे शून्यत्रुटी न तपासता व्यास लिहिणे होय.

या संभाव्यता कोठून आणायच्या? त्याच काळात त्याच अव्वल संघांशी खेळलेल्या इतर समबल संघांचे निकाल पाहता येतात. दोन्ही संघांनी बाकीच्या सामन्यांत किती फरकाने जय-पराजय मिळवले यावरूनही अंदाज बांधता येतो. कोणतीही पद्धत घ्या, ती सर्व प्रशिक्षकांना सारखी लावली म्हणजे झाले.

नशिबाचा हेलकावा

अपेक्षा कळली तरी काम संपत नाही. २५ वेळा नाणे उडवले तर छापा दर खेपेस बारा-तेरा वेळाच पडतो असे नाही. कधी दहा, कधी पंधरा. हा हेलकावा केवढा असतो हे सांगणारे एक सोपे सूत्र आहे. सामन्यांची संख्या गुणिले विजयाची संभाव्यता गुणिले पराभवाची संभाव्यता, आणि या गुणाकाराचे वर्गमूळ. याला प्रमाण विचलन म्हणतात. साधारणपणे तीन निकालांपैकी दोन निकाल अपेक्षेच्या दोन्ही बाजूंना एवढ्या अंतरात पडतात.

प्रत्येक सामन्यात विजयाची संभाव्यता ०.३ धरू. अपेक्षित विजय २५ × ०.३ = ७.५. प्रमाण विचलन म्हणजे २५ × ०.३ × ०.७ = ५.२५ याचे वर्गमूळ, सुमारे २.३. म्हणजे ५ ते १० विजयांत आश्चर्य नाही. चार विजय हे अपेक्षेच्या खाली दीड विचलनावर आहेत.

आता निरनिराळ्या गृहीतांवर, २५ सामन्यांत केवळ योगायोगाने ४ किंवा त्याहून कमी विजय मिळण्याची शक्यता किती ते पाहा. हे आकडे मी द्विपद सूत्राने काढले आहेत. अकरावी-बारावीत गेल्यावर तुम्हालाही ते काढता येतील.

संभाव्यता ०.५० धरली : अपेक्षित विजय १२.५, शक्यता सुमारे २,२०० त १
संभाव्यता ०.४० धरली : अपेक्षित विजय १०, शक्यता सुमारे १०० त १
संभाव्यता ०.३० धरली : अपेक्षित विजय ७.५, शक्यता सुमारे १०० त ९
संभाव्यता ०.२५ धरली : अपेक्षित विजय ६.२५, शक्यता सुमारे १०० त २१

हे कोष्टक नीट वाचा, कारण लेखाचे सार त्यात आहे. आकडा तोच आहे, पंचवीस सामने आणि चार विजय. पण शून्य कोठे धरले यावर निष्कर्ष जमीन-अस्मानाइतका बदलतो. निम्मे विजय अपेक्षित होते म्हणाल, तर प्रशिक्षकात खोल दोष आहे हे जवळजवळ सिद्ध झाले. पाव विजय अपेक्षित होते म्हणाल, तर तितक्याच कुशल पाच प्रशिक्षकांपैकी एकाला निव्वळ दैवाने असा निकाल मिळाला असता. ज्यांना ही नोंद लाजिरवाणी वाटते आणि ज्यांना ती क्षम्य वाटते, त्यांचा वाद बहुधा चार या आकड्यावर नसतोच. तो न बोललेल्या अपेक्षेवर असतो.

एका गुणाची किंमत

जय-पराजय मोजताना आपण बरीच माहिती फेकूनही देतो. २०१७ साली पेन स्टेट ओहायो स्टेटशी ३९–३८ असे हरले. पुढच्याच वर्षी, २०१८ साली, त्याच संघाशी २७–२६ असे हरले. दोन वर्षे, दोन पराभव, दोन्ही एकेका गुणाने. हे दोन गुण इकडचे तिकडे झाले असते तर ४–२१ ऐवजी ६–१९ अशी नोंद झाली असती.

पण न्याय दोन्ही बाजूंनी करायला हवा. चार विजयांतला सर्वांत गाजलेला विजय २०१६ चा. दुसऱ्या क्रमांकावरील ओहायो स्टेटला त्यांनी २४–२१ असे हरवले, आणि निर्णायक गुण कसे आले? प्रतिपक्षाने खांबांकडे लाथाडलेला चेंडू हवेत अडवला गेला आणि पेन स्टेटच्या खेळाडूने तो उचलून थेट दुसऱ्या टोकाला नेला. असा प्रसंग रोज घडत नाही. तो घडला नसता तर चाराचे तीन झाले असते. उरलेले तीन विजय मात्र निर्विवाद होते. २०१६ च्याच डिसेंबरात विस्कॉन्सिनविरुद्ध ३८–३१, २०२३ च्या जानेवारीत युटाविरुद्ध ३५–२१ आणि २०२४ च्या अखेरच्या दिवशी बॉइसी स्टेटविरुद्ध ३१–१४.

प्रयोगात तुम्ही 'लोलक हलला किंवा हलला नाही' एवढेच लिहीत नाही, किती हलला ते लिहिता. येथेही गुणांतील फरक लिहून ठेवला तर तितक्याच सामन्यांतून अधिक माहिती मिळते. सामने थोडे असतात तेव्हा ही माहिती टाकून देणे परवडत नाही.

शोधून काढलेले उदाहरण

आता चौथा प्रश्न. हे उदाहरण आपल्यासमोर आले कसे?

त्यासाठी आणखी एक प्रशिक्षक पाहू. जॉन कूपर हे १९८८ ते २००० या तेरा हंगामांत ओहायो स्टेटचे प्रशिक्षक होते. त्यांची एकूण नोंद १११ विजय, ४३ पराभव, ४ बरोबरी. पण परंपरागत प्रतिस्पर्धी मिशिगनशी १३ सामन्यांत विजय फक्त २, पराभव १०, बरोबरी १. २००१ च्या जानेवारीत त्यांची नोकरी गेली. आजही त्यांचे नाव निघाले की लोक १११ विजय विसरतात आणि हे १० पराभव आठवतात.

बरोबरी सोडली तर १२ सामने उरतात. नाणे १२ वेळा उडवले तर ४,०९६ प्रकारचे निकाल लागू शकतात. त्यांपैकी एकही छापा नसलेला १, एक छापा असलेले १२ आणि दोन छापे असलेले ६६, मिळून ७९. तेव्हा समबल संघांत केवळ दैवाने अशी नोंद होण्याची शक्यता ४,०९६ त ७९, म्हणजे सुमारे ५२ त १. ही शक्यता फारच कमी वाटते, नाही का?

पण थांबा. कॉलेज फुटबॉलच्या वरच्या श्रेणीत १३० हून अधिक संघ आहेत. समजा, १३० प्रशिक्षक आपापल्या समबल प्रतिस्पर्ध्याशी बारा-बारा सामने खेळले, आणि कोणातच काही दोष नाही. तरीही त्यांपैकी दोघा-तिघांची नोंद इतकी वाईट लागेल. आणि वृत्तपत्रांत नेमकी त्यांचीच नावे येतील! लाख माणसांतून ज्याला लॉटरी लागली त्याच्याकडे पाहून 'काय हा योगायोग' म्हणण्यासारखेच हे आहे. डोळ्यांत भरले म्हणून निवडलेल्या उदाहरणाला शंकेचा फायदा थोडा जास्तच द्यावा लागतो.

याचा अर्थ कूपर निर्दोष ठरले असा नव्हे. १९९५ आणि १९९६ मध्ये त्यांचा संघ त्या हंगामात एकही सामना न हरता मिशिगनसमोर आला आणि दोन्ही वेळा हरला. अशा वेळी अपेक्षा निम्म्याहून जास्त होती. त्यांच्यानंतर आलेल्या जिम ट्रेसेल यांनी २००१ ते २०१० या काळात मैदानावर मिशिगनशी दहापैकी नऊ सामने जिंकले. (त्यांपैकी २०१० चा विजय पुढे नियमभंगामुळे नोंदीतून काढण्यात आला.) संस्था तीच, प्रतिस्पर्धी तोच, फक्त प्रशिक्षक बदलला. हा पुरावा वजनदार आहे. पण याच काळात मिशिगनही घसरले होते. २००८ मध्ये त्यांनी १२ पैकी ९ सामने गमावले. प्रयोगात एकच राशी बदलायची असते, येथे दोन बदलल्या. तेव्हा सगळा फरक प्रशिक्षकाच्या नावावर मांडता येत नाही.

निकाल केव्हा लावायचा?

टॉम ऑस्बर्न हे १९७३ ते १९९७ अशी पंचवीस वर्षे नेब्रास्काचे प्रशिक्षक होते. सुरुवातीची सलग पाच वर्षे ते ओक्लाहोमा या मोठ्या प्रतिस्पर्ध्याशी हरले. पहिला विजय १९७८ साली मिळाला. पुढे १९८७ ते १९९३ या सात हंगामांत त्यांनी हंगामाच्या अखेरचा मानाचा सामना सातही वेळा गमावला.

१९९४ च्या जानेवारीत तुम्हाला निर्णय द्यायला सांगितला असता तर? 'हा माणूस मोठे सामने जिंकू शकत नाही' असे म्हणायला सात पुरावे हाताशी होते. समबल संघ धरले तर सात सलग पराभवांची शक्यता १२८ त १. पण समोर होते कोण? चार वेळा फ्लोरिडा स्टेट, दोन वेळा मायामी, एकदा जॉर्जिया टेक. या सातांपैकी तिघांनी त्या त्या वर्षी संपूर्ण वा विभागून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले होते. विजयाची संभाव्यता एक-तृतीयांश धरली तर सात पराभवांची शक्यता १०० त ६ होते. आणि सातवा पराभव तर १८–१६ असा झाला. अखेरच्या क्षणी नेब्रास्काने लाथाडलेला चेंडू खांबांच्या बाहेरून गेला.

संस्थेने त्यांना काढले नाही. पुढच्याच हंगामाच्या अखेरीस त्यांनी मायामीला २४–१७ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. १९९५ मध्ये पुन्हा, आणि १९९७ मध्ये मिशिगनसह विभागून तिसऱ्यांदा. निवृत्त झाले तेव्हा त्यांची नोंद होती २५५ विजय, ४९ पराभव, ३ बरोबरी.

या गोष्टीतून 'हरणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षकाला ठेवावे' असा धडा काढू नका. ऑस्बर्न आपल्याला आठवतात ते नंतर जिंकले म्हणून. संयम दाखवूनही ज्यांचे काही झाले नाही त्यांची नावे कोणी सांगत नाही. शिवाय ऑस्बर्न स्वस्थ बसले नव्हते. त्यांनी संरक्षणाची रचना बदलली, अधिक चपळ खेळाडू निवडले. म्हणजे मोजायची राशीही स्थिर नव्हती. धडा एवढाच की, सात सामन्यांचा पुरावा सात सामन्यांइतकाच असतो. त्यावर जन्माचा शिक्का मारता येत नाही.

मग फ्रँकलिन यांचे काय?

आता आपण सुरुवातीच्या आकड्याकडे परत येऊ. २५ पैकी काही सामन्यांत पेन स्टेट स्वतः पहिल्या दहांत होते, म्हणून तेथे अपेक्षा निम्म्याच्या जवळपास धरावी लागेल. सुरुवातीच्या वर्षांत मात्र, त्यांच्या आधीच्या काळातील एका गंभीर प्रकरणामुळे घातलेल्या निर्बंधांनी संघ दुबळा झाला होता. तेथे अपेक्षा कमीच. सारे मिळून अपेक्षा पाव ते दोन-पंचमांश यांच्यामध्ये कोठेतरी पडेल असे मला वाटते. त्यावरून माझा निष्कर्ष असा : नोंद अपेक्षेपेक्षा खाली आहे आणि तिची दखल घेणे रास्त आहे. पण 'बलवानांपुढे कोसळणे हा या माणसाचा स्वभावच आहे' असे सिद्ध करण्याइतका पुरावा २५ सामन्यांत नाही.

यात आणखी एक विरोधाभास दडलेला आहे. तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फ्रँकलिन यांनी बाकीचे १२४ पैकी १०० सामने जिंकले, म्हणून लोकांची अपेक्षा वाढली, आणि त्या वाढलेल्या अपेक्षेच्या फूटपट्टीने त्यांचे चार विजय मोजले गेले. एखाद्या दुबळ्या संघाचा प्रशिक्षक अव्वल संघांशी पंचवीसच्या पंचवीस सामने हरला असता तरी कोणी हिशेब ठेवला नसता. ज्याने फूटपट्टी लांब केली, त्यालाच ती टोचली.

शेवटी प्रत्यक्षात काय झाले तेही पाहा. २०२५ चा हंगाम सुरू झाला तेव्हा पेन स्टेट क्रमवारीत दुसरे होते. सप्टेंबरच्या अखेरीस ते ऑरेगॉनशी जादा वेळेत ३०–२४ असे हरले. हा त्या यादीतला एकविसावा पराभव. पण त्यानंतरच्या दोन आठवड्यांत ते यू.सी.एल.ए.शी ४२–३७ आणि नॉर्थवेस्टर्नशी २२–२१ असे हरले. यू.सी.एल.ए.ने तोवर हंगामात एकही सामना जिंकला नव्हता, आणि नॉर्थवेस्टर्न क्रमवारीत नव्हते. दुसऱ्याच दिवशी नोकरी गेली. म्हणजे अखेरचे दोन घाव 'अव्वल' संघांचे नव्हतेच. दुबळ्यांना हरवणे हे तर त्यांचे बलस्थान मानले जात होते! चर्चा एका आकड्याची, आणि निर्णयाची वेळ आली ती दुसऱ्याच कारणाने.

मित्रहो, अमेरिकेतील प्रशिक्षकाशी आपला संबंध नाही. पण उद्या तुम्ही म्हणाल, 'या सरांच्या वर्गाचा निकाल कमी लागतो,' किंवा 'ही मुलगी मोठ्या परीक्षेत घाबरते'. त्या वेळी जबडे मिटवून शून्य पाहा. त्या वर्गात कोणती मुले आली होती? त्या मुलीने मोठ्या परीक्षा दिल्या किती, दोन की वीस? आणि हे उदाहरण तुम्ही शोधले, की त्याने तुमचे लक्ष वेधले? हे विचारूनही आकडा वाईटच राहिला तर तसे निःसंकोच म्हणा. मोजमाप माणसाला वाचवण्यासाठी नसते, तसेच त्याला बुडवण्यासाठीही नसते.

करून पाहा

१) वर्गातील प्रत्येकाने एक नाणे २५ वेळा उडवावे आणि छापे मोजावेत. ४ किंवा त्याहून कमी छापे कोणाला मिळतात का पाहा. बहुधा कोणालाही मिळणार नाहीत.

२) आता सारख्या आकाराच्या दहा चिठ्ठ्या करा. तिनांवर 'विजय' व सातांवर 'पराभव' लिहा. डब्यात घालून हलवा, न पाहता एक काढा, नोंद करा आणि चिठ्ठी परत टाका. असे २५ वेळा करा. पन्नास विद्यार्थ्यांच्या वर्गात चार-पाच जणांना ४ किंवा त्याहून कमी विजय मिळतील अशी अपेक्षा आहे. मग त्या चार-पाच जणांना उभे करून विचारा, 'तुमच्यात काय दोष आहे?' डबा तोच, चिठ्ठ्या त्याच. ते काय उत्तर देतात ते ऐका.

३) शिक्षकांसाठी सूचना : संपूर्ण वर्गाचे निकाल फळ्यावर आलेखात मांडावेत. किती विजय मिळाले ते आडव्या अक्षावर आणि विद्यार्थ्यांची संख्या उभ्या अक्षावर घ्यावी. टेकडीसारखा आकार दिसेल. तिचे शिखर सात-आठच्या आसपास आहे का, आणि सुमारे चार-पंचमांश विद्यार्थी ५ ते १० च्या दरम्यान आहेत का, हे मुलांकडून तपासून घ्यावे.